काटा शून्यावरून हलला नाही

१

गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी कुंडलच्या माळावरून उडालेलं विमान शनिवारी दुपारपर्यंत खाली आलेलं नव्हतं, आणि त्यापायी गोदावरीबाई चिरमुल्यांना एप्रिलच्या उन्हात साताऱ्याहून सांगलीपर्यंत एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागली. त्यात कराडच्या स्टँडवर गाडी पाऊण तास उभी. ड्रायव्हर चहाला गेला होता आणि कंडक्टर त्याला शोधायला. बाई सांगलीत उतरल्या तेव्हा त्यांचा पारा चांगलाच चढलेला होता, आणि पुढे दिवसभर जे कानावर पडलं त्यानं तो उतरण्यातला नव्हता.

विमान म्हणजे काही फार मोठं धूड नव्हे. पंख पसरून तीन मीटर, वजन बारा किलो, आत माणूस नाही. नाकात फवारणीच्या पंपाचं इंजिन, पोटात कॅमेरा, आणि मधोमध एक पेटी. ही पेटी विमानाला सरळ ठेवायची, ठरलेल्या दिशेनं आणि ठरलेल्या उंचीवर न्यायची. सरहद्दीवर टेहळणी करायला असलं बिनमाणसाचं विमान उपयोगी पडेल असं हंबीरराव निकमांच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी शिरलं होतं. हंबीररावांचा सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे मीटर करायचा चांगला चाललेला धंदा. पण सुख दुखतं म्हणतात ते असं. त्यांनी दोन विमानं बनवली, दोन्हींचं नाव भारद्वाज ठेवलं, आणि मंगळवारी दिल्लीहून लष्करातले साहेब पाहणीला येणार असताना त्यातला पहिला भारद्वाज हरवून बसले.

बाईंनी साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. हंबीरराव त्यांचा विद्यार्थी, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा काठावर सुटलेला. प्रयोगशाळेतल्या चोऱ्यांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरवलेल्या कागदांपर्यंत कसलाही गुंता असला की लोक बाईंकडे यायचे. बाई वैतागायच्या, पण गुंता सोडवल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही.

"बाई, आता तुमी बसा, पानी प्या," हंबीरराव गेटातच म्हणाले. "चोर घावलाय. आज सकाळीच घावला. संध्याकाळी सहाला फौजदार येनार हायेत न्यायला."

"चोर सापडला तर मला कशाला ओढत आणलंस?"

"इमान कुठं हाय ते सांगंना की तो. तोंडातनं सबूद काढंना. तुमच्यापुढं भलेभले बोलत्यात, म्हनून."

"कोण आहे चोर?"

"इलियास," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "धा वर्सं माझ्याकडं हाय, बाई. सकाळी धाच्या सुमारास दुसऱ्या इमानापाशी बसला हुता. हातात सुई. त्याच्या नाकात खुपसत हुता. सगळ्यांदेखत मी त्याला चोर म्हनलो."

२

बाईंनी आधी ज्ञानदाला गाठलं. ज्ञानदा बोडस, वय तीस, विमान चालवणारी पेटी हिच्या डोक्यातून निघालेली. गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही दिवस ती कुंडलच्या रानात विमान शोधत हिंडली होती, आज सकाळीच परत आली होती. नाक उन्हानं सोलवटलं होतं.

"पेटीत दोष नाही," तिनं बसायच्या आधीच सांगितलं.

"मी विचारलं का? विचारेन तेवढंच सांग. विमानाला आपली उंची कशी कळते?"

"हवेच्या दाबावरून. वर जावं तसा दाब कमी होतो. पेटीत दाब मोजणारी एक डबी आहे. मी दोनशे मीटर सांगितले की डबी दोनशे म्हणेपर्यंत पेटी विमानाला चढवते. मग चढणं बंद. आणि डबी जे म्हणते ते रेडिओवरून खाली आमच्या मीटरवर दिसतं."

"गुरुवारी काय दिसलं?"

ज्ञानदानं ओठ चावला. "शून्य. इलियासनं हातातल्या रिमोटनं विमान झाडांच्या वर नेलं आणि ताबा पेटीकडे दिला. विमान पूर्वेला निघालं. समोर ऊन, डोळ्यांवर तिरीप येत होती, अर्ध्या मिनिटात दिसेनासं झालं. मी मीटरकडे पाहिलं तर काटा शून्यावर. तो शेवटपर्यंत शून्यावरून हलला नाही. इलियासनं ताबा परत घ्यायचा प्रयत्न केला, पण तोवर ते रेडिओच्या टप्प्यापलीकडे गेलं होतं."

"म्हणजे मीटरच्या मते विमान जमिनीवर होतं."

"म्हणूनच आमचा मॅनेजर सुमंत म्हणतो की इलियासनं ते टेकडीपलीकडे उतरवलं आणि तिथं कुणीतरी जीप घेऊन उभं होतं. पुण्याची एक कंपनी इलियासला दुप्पट पगारावर बोलावत होती, हे खरं आहे."

"डबी बिघडली असेल तर?"

"नाही बिघडली." तिनं तपासणीची वही पुढे सरकवली. बाईंनी चष्मा लावला. रविवार: ज्ञानदानं दोन्ही विमानं गच्चीवर नेली, काटा बारा मीटर चढला, बरोबर. सोमवार, मंगळवार: दोन्ही विमानं मिरजेला, पॉलिशसाठी. बुधवार: सुमंतनं दोन्ही विमानं गच्चीवर नेली, काटा बारा मीटर, बरोबर. खाली झोकदार सही.

"मिरजेला कुणाकडे?"

"अजमलचाचांकडे. तंबोरे करतात ते. इतकं पातळ आणि हलकं लाकूड दुसरं कोणी तासू शकत नाही, म्हणून विमानांचं अंग त्यांनीच केलंय. पेटी बसवताना ओरखडे पडले, ते पुसायला परत पाठवली. इलियासचे चुलते ते. त्यांनीच त्याला वाढवलं."

भिंतीवर विमानाचं रेखाचित्र टाचलेलं होतं, पेन्सिलीनं, नीटस. बाई ते बराच वेळ बघत राहिल्या. नाकाच्या मागे, डाव्या आणि उजव्या अंगाला, समोरासमोर एकेक टिंब होतं, टाचणीच्या टोकाएवढं. टिंबांपासून एक नळी पेटीपर्यंत काढली होती.

इतक्यात वर्कशॉपचा मॅनेजर सुमंत करमरकर आत आला. नीट इस्त्रीचा शर्ट, आवाजात मध. "बाई, यात शोधण्यासारखं काही नाही हो. मीटर खोटं बोलत नसतं. माणूस बोलतो."

"मी तुम्हाला काही विचारलं?" बाई म्हणाल्या.

नाही विचारलं, तरी सुमंतनं पुढची दहा मिनिटं इलियासविषयीचं आपलं मत सांगितलं. शाळेत असा मुलगा असला की बाई त्याला खिडकीबाहेर बघत उभं करायच्या. बाईंचं लक्ष मात्र त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हाताकडे होतं. बोलता बोलता त्यानं ती वही बंद केली होती आणि काखेत मारली होती.

३

दुसरा भारद्वाज वर्कशॉपच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर ठेवलेला होता. हंबीररावांनी सकाळपासून तिथं कुणाला फिरकू दिलं नव्हतं. बाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं गुळगुळीत, तांबूस, चकचकीत. नाकापासून शेपटीपर्यंत हात कुठे अडला नाही. फक्त डाव्या अंगाला, नाकाच्या मागे, सुईनं टोचल्याची ताजी खूण होती. घोडीखाली फरशीवर मोहरीएवढा तांबडा कण पडला होता. बाईंनी तो उचलून रुमालाच्या गाठीत बांधला.

चहा घेऊन भामाबाई आल्या. वर्कशॉपची झाडलोट आणि चहापाणी त्यांच्याकडे. बशीत तळलेली कुरडई होती.

"खावा, बाई. यंदाच्याच हायत. मंगळवारी गच्चीवर घातल्या, गुरुवारी सांजच्याला काढल्या. तीन दिस गच्चीला कुलूप लावून किल्ली कमरंला ठिवली, म्हनून वाचल्या. न्हायतर हितली मानसं कावळ्याच्या वरताण हायत."

बाईंना कुरडई आवडली. दिवसभरात पहिल्यांदाच काही मनासारखं झालं होतं.

इलियास स्टोअरच्या खोलीत बाकावर बसला होता. पस्तिशीचा, शांत चेहऱ्याचा, बोटांच्या टोकांना सोल्डरिंगचे डाग. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला.

"सुईनं काय करत होतास?"

इलियासनं डाग पडलेली बोटं मुठीत मिटून घेतली.

"विमान चोरलंस?"

"नाही, बाई."

"मग सांग की बाबा काय झालं ते! सहा वाजता फौजदार येतोय. लॉकअपमध्ये गेलेल्या माणसाला मिरजेत उद्या काय म्हणतील, कळतंय तुला?"

"कळतंय."

"आणि तरी गप्प?"

त्यानं मान खाली घातली. बाईंना असल्या गप्प माणसांचा फार राग यायचा. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, गप्प बसणाऱ्याला काय धरणार, कपाळ? त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून आवाज आला.

"बाई, एक ऐका. मंगळवारी दुसरं विमान उडवू देऊ नका. आहे तसं उडवलं तर तेही जाईल."

बाई गर्रकन वळल्या. "कुठे जाईल? टेकडीपलीकडे?"

इलियासनं छताकडे पाहिलं. मग तो परत बाकावर बसला.

४

कुंडलच्या माळावर जायचं म्हणजे हंबीररावांच्या जीपमधून तासभर धूळ खायची. वाटेत हंबीरराव सांगत होते की पोलिसांनी टेकडीच्या पायथ्याला चाकांच्या खुणा पाहिल्या. कसल्या चाकांच्या, हे विचारल्यावर कळलं की बैलगाडीच्या. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"साप साप म्हणून भुई धोपटायची हौस कशी रे फिटत नाही तुम्हा लोकांची? टेकडीपलीकडे राहतं कोण?"

"कोंडीबा. मेंढरं राखतो. त्येला पोलिसांनी इचारलं न्हाई."

"का?"

"मेंढराच्या मागं हिंडनाऱ्याला इमानाचं काय कळनार?"

यावर बाईंनी ज्या नजरेनं पाहिलं ती हंबीररावांना नववीपासून ओळखीची होती.

कोंडीबा टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर बाभळीखाली बसला होता. विमान पाहिलं का, असं विचारताच तो खुलला. दोन दिवस ही हकिकत त्याच्या पोटात होती आणि ऐकायला मेंढरांशिवाय कोणी नव्हतं.

"बघितलं की, बाई! आक्शी माझ्या डोस्क्यावरनं गेलं. भर्रर आवाज. मी म्हनलं खाली यील, तर कशाचं खाली यील? वरच चाललं."

"नक्की वर? टेकडीपलीकडे उतरलं नाही?"

"आवं, ते पार माझ्या डोस्क्यावर हुतं, ऊन डोळ्यांत येत न्हवतं, मला लख्ख दिसत हुतं. हितं घारी फिरत्यात रोज. घारी खाली ऱ्हायल्या, हे वर गेलं. चिमणीयेवढं झालं, मग माशीयेवढं. मग न्हाईच दिसलं. आवाज मातर लय येळ येत हुता."

"कुठल्या बाजूला?"

त्यानं पूर्वेकडे हात केला. "आटपाडीच्या अंगाला."

"खोटं बोलतंय, बाई," हंबीरराव परत फिरताना म्हणाले. "मीटर शून्य दाखवतंय आन ह्यो म्हनतो आभाळात गेलं. दोघांतलं एक कायतरी खोटं."

"त्याला खोटं बोलून काय मिळणार आहे? आणि मीटरला तरी काय मिळणार आहे?"

"मग खरं कोन?"

बाई जीपमध्ये बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "दोघंही. आता गाडी हाक. सव्वाचार झालेत. आणि काड्यापेटी आहे का तुझ्याकडे?"

५

काड्यापेटी होती. पलूस सोडल्यावर बाईंनी जीप थांबवायला लावली, रुमालाची गाठ सोडली आणि तो तांबडा कण पिनेच्या टोकावर घेऊन ज्योतीवर धरला. तो वितळला, फुगला, आणि वास आला. हा वास त्यांना एकतीस वर्षं माहीत होता. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर मोहर करताना सगळ्या शाळेत हाच वास भरून राहायचा.

लाख.

बाई इतक्या जोरात "अरे देवा" म्हणाल्या की हंबीररावांना वाटलं, भाजलं. "कुठं भाजलं, बाई?"

"तुमच्या सगळ्यांच्या अकलेला," बाई म्हणाल्या. "चल लवकर. आणि फौजदाराला फोन करून सांग, सहाच्या ऐवजी सातला ये. नाहीतर येऊच नको म्हणावं."

उरलेल्या वाटेत त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या. लाख समजली, सुई समजली, कोंडीबा खरा आणि मीटरही खरं. पण मग बुधवारी काटा बारा मीटर चढला कसा? तिथंच घोडं पेंड खात होतं. वहीतली ती एक ओळ खरी असेल तर बाकीचं सगळं खोटं ठरत होतं.

सांगलीचा पूल आला आणि बाईंनी कपाळावर हात मारला. तळलेल्या कुरडईची चव अजून त्यांच्या जिभेवर होती.

६

साडेपाचला वर्कशॉपमध्ये सगळे जमले. हंबीरराव, ज्ञानदा, सुमंत, भामाबाई, मीटर जोडणारे सात-आठ कामगार. इलियासला स्टोअरमधून आणून दारापाशी उभं केलं होतं. मधोमध दुसरा भारद्वाज. बाईंच्या हातात भामाबाईंचा साखरेचा रिकामा डबा.

"हंबीर, हा डबा वाईला नेला, तिथं झाकण घट्ट लावलं आणि घाट चढून महाबळेश्वरला आणला. डब्यात हवा कुठली?"

हंबीरराव घाबरत म्हणाले, "वाईची?"

"शाबास. शाळेत असतास तर आज पेढे वाटले असते. आता त्या डब्यात ज्ञानदाची दाब मोजणारी डबी ठेवली आणि विचारलं, बाई गं, किती उंचीवर आहेस? ती काय म्हणेल?"

ज्ञानदाचा चेहरा पांढरा पडला. "ती म्हणेल, वाईतच आहे."

"विमानाच्या नाकामागे दोन बारीक भोकं होती. तुझ्या चित्रात आहेत. बाहेरची हवा त्यातून डबीपर्यंत जायची. आता या विमानावरून हात फिरवून मला ती दाखव."

ज्ञानदा पुढे आली. डाव्या अंगावरून हात फिरवला, उजव्या अंगावरून फिरवला. "नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत. लाखेनं बुजवलीत, वर पॉलिश आहे. पहिल्या विमानाचीही अशीच बुजवलेली होती. विमान कुंडलच्या आभाळात उडत असताना डबी आपली मिरजेची कोंडलेली हवा मोजत बसली होती. पेटी विचारायची, पोचलो का दोनशे मीटरला? डबी म्हणायची, कुठलं, अजून जमिनीवरच. पेटी म्हणायची, मग चढ. पेट्रोल संपेपर्यंत ते चढत राहिलं. काटा शून्यावर होता हे खरं, आणि कोंडीबानं घारींच्या वर पाहिलं हेही खरं. चोरी झालेलीच नाही. विमान आटपाडीच्या बाजूला कुठल्यातरी रानात पडलं असेल, तिकडे शोधा."

"पण बुधवारी मी स्वतः तपासलं होतं," सुमंत म्हणाला. "काटा बारा मीटर चढला. म्हणजे भोकं बुधवारनंतर बुजवली. सुई कुणाच्या हातात होती, ते सगळ्यांनी पाहिलंय."

"वाटच बघत होते. भामाबाई, बुधवारी गच्चीची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्या कमरंला."

"कुणी मागितली?"

भामाबाईंनी सुमंतकडे बोट केलं. "ह्यांनी. म्या म्हनलं, कुरडया वाळंस्तवर म्या कुनाला वर पाय ठिवू द्यायची न्हाई. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, मलाबी तीन जिनं चडायची हौस न्हाई. कंबर धरलीया म्हनले."

सुमंतचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"गच्चीवर न जाता तुम्ही बारा मीटर लिहिलेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानंच सगळे जास्त घाबरले. "रविवारचा आकडा उतरवून काढलात. कॉपी. ती एक तपासणी खरी केली असती तर बुधवारीच कळलं असतं आणि गुरुवारी विमान उडालंच नसतं. पुढे विमान गेलं, तेव्हा आपली सही आठवली. मग चोर हवा होता, आणि गप्प बसणारा माणूस आयता सापडला."

"मला काय माहीत असं होईल?" सुमंत कसाबसा म्हणाला. "दर वेळी बरोबरच असायचं."

हंबीरराव त्याच्या अंगावर जाणार होते, पण मध्येच थांबले. "थांबा, बाई. भोकं बुजवली कुनी मग?"

आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच इलियास बोलला. "बाई, पुरे. तेवढं नका सांगू. मी बुजवली म्हणा. माझी तयारी आहे."

"तू बुजवत नव्हतास, सुईनं मोकळी करत होतास. दुसरं विमान पाहिलंस आणि लाखेवरचा हात ओळखलास."

"बाई, पाया पडतो."

बाईंना पुढे बोलावं लागलंच नाही. बाहेर रिक्षा थांबली. पांढऱ्या दाढीचा, सदरा-लेंग्यातला एक म्हातारा उंबऱ्यात उभा राहिला. धाप लागली होती.

"हंबीरराव," तो म्हणाला, "पोराला धरल्याचं मिरजेत कळलं. त्येला सोडा. गुन्हा माझा हाय."

७

अजमलचाचांना कुणीतरी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"माझ्या लाकडाला कीड हुती," त्यांनी सांगितलं, आणि हे सांगणं त्यांना फार जड गेलं. "पॉलिशला इमानं परत आली तवा दिसलं. दोन्हींच्या नाकामागं, एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं भाईर. आरपार. पंचेचाळीस वर्सं तंबोरे करतो मी. कुठनं कुठनं गवई येत्यात. माझ्या लाकडात कीड कवा निगाली न्हाई. लाज वाटली. लाखेनं भोकं बुजवली, वर पॉलिश मारलं आन गप बसलो. कीड आतच ऱ्हायली असनार. तिनं पोखरलं आन इमान वर जाऊन मोडलं. सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं. न्यायचं तर मला न्या."

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. पुतण्या चुलत्यासाठी गप्प, चुलता लाकडासाठी गप्प, मॅनेजर सहीसाठी गप्प. सगळ्या वर्कशॉपात अळीमिळी गुपचिळी, आणि ते उलगडायला साताऱ्याहून म्हातारी मास्तरीण बोलवायची. कमाल आहे बाई या लोकांची, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्ञानदा पुढे आलेली पाहून त्या थांबल्या.

"चाचा," ज्ञानदा म्हणाली, "ती कीड नव्हती. ती भोकं मी पाडली होती. ड्रिलनं. आत हवा जावी म्हणून."

चाचा तिच्याकडे बघत राहिले. "दोन्ही अंगांना?"

"हो. समोरासमोर."

"म्हंजी लाकडाला कीड न्हवती?"

"नव्हती, चाचा. तुमच्या लाकडाला काहीही झालेलं नव्हतं."

म्हातारा तेव्हा कुठे खुर्चीवर बसला. आपल्या हातानं एक आख्खं विमान आभाळात घालवलं, हे त्याला आत्ताच कळलं होतं. पण चेहरा पाहावा तर जन्माचं ओझं उतरल्यासारखा. त्यानं दोन्ही हात डोळ्यांवरून फिरवले.

"आन मग मला सांगितलं का न्हाईस, पोरी?" तो म्हणाला. "मी भोक दिसलं की बुजवनारा मानूस. लहानपणापासनं तेच शिकलो. ठिवायचं भोक असतं, हे मला कोन सांगनार?"

दोन वर्षं ज्ञानदानं पेटीतली तार न् तार जपली होती. मिरज सांगलीपासून अर्ध्या तासावर, पण ज्याच्या हातानं अंग घडलं त्याच्याकडे जाऊन ती एकदाही बसली नव्हती. सगळं फोनवर आणि टेम्पोवाल्याच्या हाती. "चुकलं," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं.

हंबीररावांनी घसा खाकरला. "चला, मिटलं म्हनायचं. सुमंत, तू घरी जा, तुझं नंतर बघतो. फौजदाराला मी नको म्हनून कळवतो. इलियास, दुसऱ्याची भोकं मोकळी कर, गच्चीवर तपास आन मंगळवारच्या तयारीला लाग."

इलियास जागचा हलला नाही.

"काय रं?"

"मी जातो, साहेब. चाचांना घेऊन घरी जातो."

"आन मंगळवारी? रिमोट कोन धरनार?"

"दुसरं कुणी बघा." इलियासच्या बोलण्यात राग नव्हता. "सकाळी तुम्ही मला जे म्हणालात ते इथं सगळ्यांनी ऐकलंय. यांच्यातली निम्मी माणसं मिरजेची आहेत. उद्या बाजारात गेलो तर लोक माझ्या हाताकडे बघतील."

हंबीररावांनी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. बाईंना या क्षणी त्यांची अजिबात दया आली नाही.

"माझ्याकडे काय बघतोस? सकाळी चोर कुठे उभा राहून म्हणालास?"

"हितंच. इमानापाशी."

"मग तिथं जाऊन उभा राहा."

हंबीरराव गेले. साडेपाच फूट उंचीचा, चाळीस माणसांना पगार देणारा तो गृहस्थ दुसऱ्या भारद्वाजाच्या शेपटीपाशी हात मागे बांधून उभा राहिला. कामगार खाली बघू लागले. मग ते जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले. इलियास, माझी चूक झाली, असं काहीसं ते होतं.

"हंबीर," बाई म्हणाल्या, "मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही. सकाळी ज्या आवाजात बोललास त्या आवाजात."

हंबीररावांनी मान वर केली. इलियासकडे पाहिलं, त्याच्या शेजारी बसलेल्या चाचांकडे पाहिलं. हंबीररावांचे डोळे भरून आले होते.

"इलियास चोर न्हाई!" ते ओरडले. "मी चुकलो! धा वर्सं माझ्याजवळ असून मी त्येला इचारलं न्हाई, आदी चोर म्हनलो! ज्यांनी सकाळचं ऐकलं त्यांनी ह्येबी गावात जाऊन सांगा!"

भामाबाईंनी नाकाला पदर लावला. अजमलचाचांनी पुतण्याचा हात धरला आणि त्याला हळूच विमानाच्या दिशेनं ढकललं. इलियास पुढे झाला, पण लगेच कामाला लागला नाही. त्यानं आधी चाचांची खुर्ची उचलून विमानापाशी आणली. मग ज्ञानदालाही तिथं बोलावलं, आणि कुठलं भोक कशासाठी ते ती चाचांना सांगत बसली.